जोत्यावर चढलेली माती

पोपडा नखाएवढाच होता, अण्णांच्या उशीवर पडलेला; एका बाजूनं रंगाचा, दुसरीकडे मीठ सांडावं तसा पांढरा लोणा — तिनं चिमटीत धरला तर त्याचा थंडगार भुगा झाला, आणि तिला स्वच्छ कळलं की हे आता रंगानं झाकण्यातलं राहिलेलं नाही. सासऱ्यांच्या खोलीची ही भिंत दर वर्षी रंगवायची, दर वर्षी ती कमरेइतक्या उंचीपर्यंत पुन्हा काळवंडायची, आणि अण्णांचा खोकला... रंगारी म्हणायचा, ताई, यंदा भारीतला डबा लावू. लाव बाबा!

ती बाहेर आली. जोत्यावर, विटा सुरू होतात तिथं, डांबराचा एक थर असतो, जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून — माहेरचं घर बांधताना वडिलांनी बोट ठेवून दाखवला होता. इथं तो दिसतच नव्हता. निवृत्तीनंतर अण्णांनी भिंतीला लागून वाफा केला. माती, पाला, खत, पुन्हा माती, असं करत वाफा खिडकीकडे निघालेला. जमीन थराच्या वर गेली की थर असून नसल्यासारखा. ओल त्याला वळसा घालून आत येणारच. इतकं सोपं... आणि इतकं सोपं असून आपण सगळे डबे बदलत बसलो.

त्या रात्री जेवताना तिनं नवऱ्याला हे सांगितलं, तर त्यानं ताटातून मानही वर केली नाही. "अण्णा आहेत तोवर राहू दे ना. नंतर बघू."

नंतर — कशाच्या नंतर? किती सभ्यपणे बोलला तो, आणि मीही किती सभ्यपणे पाण्याचा पेला पुढे सरकवला! म्हणजे खोली थांबली होती, भिंत थांबली होती, आम्ही दोघंही अगदी आदबीनं थांबलो होतो, आणि ज्यांच्या जाण्याची वाट बघायची ते ओल्या भिंतीला पाठ लावून झोपत होते...

सकाळी नवरा कामावर गेल्यावर तिनं कुदळ उचलली.

"काय चाललंय?" अण्णा काठी टेकत दारात आले.

"वाफा भिंतीपासून लांब नेतेय. तुमच्या खोलीत ओल इथून येते."

"ओल त्या रंगाऱ्याच्या लबाडीनं येते. माझ्या वाफ्याला हात लावायचा नाही."

"लावलाय की."

"नवऱ्याला विचारलंस?"

"विचारलं. नंतर बघू म्हणाले."

 अण्णा म्हणजे हयातभर कचेरीत लोकांना 'नंतर बघू' म्हणून वाटेला लावत आलेला माणूस. त्या शब्दाचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगायला नको होता. काठीवरची बोटं घट्ट झाली, मग सैल.

"कोपऱ्यातलं झाड मुळासकट काढ," ते खेकसले. "माती झटकलीस तर मरेल."

"मग बसा इथं आणि सांगा."

"मी परवानगी दिलेली नाही."

"नका देऊ."

ते पायरीवर बसले. झाड मातीच्या गोळ्यासकट निघालं. ती खणत गेली आणि मातीआडून डांबराची काळी रेघ उघडी पडली, ओली, चकचकीत. तिच्याही खाली वीतभर जायचं, खडी भरायची, उतार घरापासून लांब द्यायचा. कामाचा क्रम डोक्यात आपोआप लागत होता, हात त्याच्यामागून चालले होते.

"भिंत वाळणार कधी?"

"पुढचा उन्हाळा जाऊ द्यावा लागेल. त्याआधी गिलावा करायचा नाही."

"तोवर मी?"

"पुढच्या खोलीत झोपायचं."

"आणि नाही झोपलो तर?"

"तर भांडू."

शब्द तोंडातून गेला आणि ती थबकली. इतकी वर्षं या माणसाशी ती नुसती नीट वागत आली होती. अण्णांनी तोंड फिरवलं. रागावले होते की आणखी काही, पाठीवरून कळेना. संध्याकाळी नवरा येईल, मातीचा ढीग बघून आवाज खाली घेऊन काहीतरी विचारेल — त्याला काय सांगायचं, तिनं ठरवलं नव्हतं, आणि त्याची धास्तीही वाटत नव्हती. तळहात हुळहुळत होते. अण्णांनी खूप जगावं, असं तिला वाटलं; चांगुलपणानं नव्हे, चक्क हावरटपणानं... अजून पुष्कळ भांडायचं राहिलं होतं.