शालींची वाकळ

कादंबरी अडली की मी वाकळ शिवायला बसते. लोकांना याचं भारी कौतुक. "एवढी मोठी लेखिका, पण घरकामाची आवड बघा!" आवड कसली कपाळाची! हातात सुई आली की डोकं मोकळं होतं, एवढंच. शिवाय कापड फुकटचं. आमच्याकडे लेखकाचं पुस्तक कुणी विकत घेणार नाही, पण शाल हमखास देणार. नेकनूर, सिरसाळा, नांदूरघाट, जिथं भाषण तिथं शाल. बीडच्या उन्हाळ्यात त्या पांघरणार कोण? मी त्या सरळ कापते आणि धावदोऱ्यानं जोडून टाकते.

सत्याऐंशीच्या दुष्काळात माझी कादंबरी छापखान्यात गेली. तिच्यात एक प्रकरण होतं. गावाचा टँकर वेशीवरून वळतो आणि साखर कारखान्याच्या चेअरमनच्या उसात रिकामा होतो. हे मी मनानं रचलेलं नव्हतं. रिकाम्या घागरी घेऊन आम्ही बाया वेशीवर उभ्या होतो, तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलं होतं. छापखाना सहकारी आणि त्याचेही चेअरमन सुंदररावच, म्हणजे उसाचे मालक. पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

एका सकाळी मी वाकळ शिवत बसले होते, तेव्हा ते आमच्या ओट्यावर येऊन टेकले.

"शिवकांताताई, पुस्तक लई भारी हाय. पण ते टँकरचं कशाला घातलं? तेवढं प्रकरण काढा. पुस्तक छापून देतो, वर कारखान्याच्या मेळाव्यात तुमचा सत्कार करतो."

"अन् न्हाई काढलं तर?"

"मशीन जुनं हाय, ताई. कवा बी बंद पडतंय." आणि हसले.

असा संताप आला की सुई बोटात घुसली. "सत्काराला येते," एवढंच म्हणाले. त्यांना वाटलं, बाई वठणीवर आली.

माझे यजमान बसप्पा किराणा दुकान चालवतात. भांडण त्यांना सोसत नाही. "अगं, एक प्रकरण गेल्यानं काय होतंय?" ते म्हणाले.

"तुमच्या तराजूचं एक पारडं काढून ठिवते. मग सांगा काय होतंय ते."

ते दुकानात गेले. मी शिवायला घेतलेल्या वाकळेवर खडूनं अक्षरं काढली आणि लाल दोऱ्यानं भरायला लागले. दुपारी जेवायला आले तेव्हा त्यांनी दारातूनच ती वाचली. मग म्हणाले, "अक्षरं जरा मोठी कर. मागच्यांना दिसायची न्हाईत." दुकानातली लाल रिळं त्यांनीच आणून दिली. मला त्या माणसाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

मेळाव्याला मांडव भरला होता. सुंदररावांनी मला शाल घातली, नारळ दिला. मी माईक हातात घेतला. "आजवर मिळालेल्या शालींची मी ही वाकळ शिवली. पहिला मान चेअरमनसाहेबांचा." टाळ्या पडल्या. भर स्टेजवर सत्कार नको कोण म्हणेल? मी वाकळ त्यांच्या खांद्यावर टाकली, नीट पसरली. साहेब हात जोडून खुर्चीकडे वळले आणि त्यांची पाठ मांडवाला झाली. पाठीवर लाल अक्षरं होती:

"आमचा टँकर ह्यांच्या उसात गेला."

पुढच्या रांगेत खसखस पिकली. मागून आमच्या गावच्या छबुबाई ओरडल्या, "आमाला वाचता येत न्हाई! काय लिवलंय? मोठ्यानं वाचा की!"

मांडवानं मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं, आता छबुबाईंसकट.

सुंदरराव काय लिहिलंय ते बघायला गर्रकन वळले, तर पाठही वळली. शेवटी वाकळ ओढून काढली, पाहिली आणि माझ्याजवळ येऊन दात खात म्हणाले, "तुमचं पुस्तक कोण छापतंय तेच बघतो!"

"नका छापू. तुमी शाली देत ऱ्हावा, मी शिवीत ऱ्हाते."

त्यांनी दिलेली नवी शाल काखेत मारून मी स्टेजवरून उतरले. घरी आल्यावर आधी कात्री शोधली.