बत्तिसावं पान

रूपानं घरकुलाच्या यादीत स्वतःचं नाव शोधायच्या आधी जावेचं शोधलं. आपल्याला घरकुल मिळालं नाही याचं तिला फारसं दुःख नव्हतं. वर्षाराणीला मिळालं असतं तर मात्र ती दोन दिवस जेवली नसती.

गुरुवारी सकाळी ती रस्त्याकडच्या खोलीत आली आणि वर्षाराणीनं खडूनं आखून ठेवलेल्या ब्लाउजच्या कापडावर तिनं आपला मोबाईल ठेवला.

“तुमचं नाव टाकलं गूगलवर. वाचा. तुमीच लिवेल हाय.”

वर्षाराणीचा पाय मशीनच्या पायडलवरच राहिला. तिचं नाव बापानं हौसेनं ठेवलेलं. अख्ख्या रिसोड तालुक्यात दुसरी वर्षाराणी नसावी. वेगळं नाव असलं की माणूस लवकर सापडतो, हे बापाच्या ध्यानात आलं नसणार. पडद्यावर वर ग्रामपंचायतीचं नाव, त्याखाली ‘घरकुल लाभार्थी यादी’, आणि त्याखाली बारीक अक्षरात दोन ओळी: ‘अर्जदार वर्षाराणी हरीओम, सविनय अर्ज करते की माझे पती हे चार वर्षांपासून…’

तिनं त्यावर बोट ठेवलं. फाईल उघडली. बत्तिसाव्या पानावर तिचा अर्ज होता, सहीसकट. ‘…चार वर्षांपासून मला सोडून सुरत येथे दुसऱ्या बाईसोबत राहतात, घरी येत नाहीत व फोन उचलत नाहीत.’

“माह्याकडं काय पाहता? मी नाई लिवलं,” रूपा म्हणाली. “माह्या घरच्यायनं वाचलं हे. परवा शनिवारी मारोतकाका येऊन राह्यले खोलीचा निकाल लावाले. त्याईच्यासमोर वाचतो म्हणते, आत्याबाईले मधात बसवून.”

“रूपा, आत्याबाईले सांगू नको.”

“मी कायले सांगू? कागद सांगन.” तिनं मोबाईल उचलला आणि जाता जाता कापडावरचा खडू पदरानं पुसून गेली. मुद्दाम की चुकून, ते तिचं तिला माहीत.

घरात चार माणसं. सासू तुळसाबाई, म्हणजे दोघी सुनांची आत्याबाई, मोठी सून वर्षाराणी, धाकटा उकंडराव आणि त्याची ही रूपा. घर सासूच्या नावावर. वर्षाराणीला लेकरू नव्हतं, आणि नवरा हरीओम सहा वर्षांपूर्वी सुरतला साडीच्या कारखान्यात म्हणून गेला तो तिकडचाच झाला. घरात तरीही ती मोठी सून म्हणून राहत होती, रस्त्याकडच्या खोलीत तिची मशीन होती, ते सगळं एका गोष्टीवर टिकून होतं: हरीओम कामाला गेला आहे आणि येणार आहे. ती खोली उकंडरावला खताबियाण्याच्या दुकानासाठी पाहिजे होती. भाऊ येणार असेल तर ती भावाची. येणारच नसेल तर तिथं बसून ब्लाउज शिवणारी ही बाई कोण?

म्हणून दर रविवारी दुपारी वर्षाराणी सासूच्या खाटेशी जाऊन सांगायची, “फोन आलता त्याईचा. तुमच्या गुडघ्याचं पुसत होते.”

“माह्याशी काहून नाई बोलला?”

“सुट्टी दहाच मिनिटाची राह्यते ना तिथं.”

“मंग सांग त्याले, डावा जास्त दुखते.”

“सांगतो.”

हे सहा वर्षं चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी फक्त एकदा तिनं खरं लिहिलं होतं. निराधार बाईचा पगार सुरू होतो असं कोणी सांगितलं, त्याला ग्रामपंचायतीचा दाखला लागत होता. अक्षर खराब, म्हणून रिसोडला जाऊन तिनं अर्ज टाईप करून आणला. दाखला मिळाला नाही. नवऱ्यानं टाकल्याचा पुरावा आणा म्हणाले, आणि पुरावा म्हणून नवऱ्याचीच सही मागितली. “ज्याची सही आणता आली असती तो घरी नसता का,” असं म्हणून ती उठून आली. अर्ज तिथंच राहिला.

आता तो जगाला दिसत होता. का, ते पाहायला तिनं मशीनवर कापड झाकलं आणि निघाली.

पंचायतीच्या भिंतीवर घरकुलाची यादी चिकटवलेली होती. बावीस कागद, खळ लावून. चार-पाच माणसं डोळे बारीक करून नावं शोधत होती. फाईलीत तिच्या अर्जाच्या आधी यादीचं जे पान होतं, तो इथं सोळावा कागद होता. वर्षाराणीनं त्याचा सुटलेला कोपरा नखानं उचलला. मागे तिच्याच अर्जाचं शेपूट होतं.

ग्रामसेवक काटकसरी माणूस. कोऱ्या कागदावर यादी छापणं त्याच्या जिवावर यायचं. कपाटातले जुने अर्ज काढून तो त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर छापायचा. गावाला ते पाठ होतं. हगणदारीमुक्तीची नोटीससुद्धा कोणाच्या तरी वारसनोंदीच्या पाठीवर लागली होती. भिंतीवर काही बिघडत नव्हतं, पाठ खळीत जायची. पण सही-शिक्का मारलेली यादी वेबसाईटवर टाकायला या वर्षी स्कॅनचं नवीन मशीन आलं होतं आणि ते कागदाच्या दोन्ही बाजू आपसूक वाचायचं. बावीस कागदांची चव्वेचाळीस पानं झाली. कोणी मोजली नाहीत.

“मी यादीच टाकली, काकू,” निकिता म्हणाली. ती पंचायतीची ऑपरेटर, पंचवीस-सव्वीसची, याच गावची. काकू हा शब्द तिनं दार लावून घ्यावं तसा वापरला.

“बत्तीस नंबरचं पान काढ.”

निकितानं काढलं. वाचलं. मग खुर्ची थोडी पुढे ओढून पडदा बाकीच्यांना दिसणार नाही असा वळवला. एवढीच काय ती माणुसकी.

“बरं. काढून टाकतो. जा तुमी.”

“माह्यासमोर काढ.”

“काकू, विश्वास ठेवाचा असन त ठेवा. नाई त तुमीच बसा खुर्चीवर.”

चार बटणं दाबून तिनं दाखवलं: पंचायतीच्या पानावरून ‘घरकुल यादी’ ही ओळ गेली होती. वर्षाराणी घरी आली, भाकरी टाकता टाकता तिनं मोबाईलवर आपलं नाव टाकलं. दोन ओळी आल्या. बोट ठेवलं. बत्तिसावं पान उघडलं, तसंच्या तसं.

शुक्रवारी पंचायतीचं दार उघडायच्या आधी ती पायरीवर बसलेली होती.

“पाटी काढली तू,” ती निकिताला म्हणाली. “दुकान उघडंच हाय. मांगच्या दारानं लोक जाऊन राह्यले.”

निकितानं स्वतःच्या मोबाईलवर पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. पानावरची ओळ गेली होती, फाईल जागच्या जागी होती; गूगलला तिचा पत्ता माहीत होता. “फाईल काढाले पासवर्ड लागते. तो सायेबाजवळ हाय.”

साहेब, म्हणजे तेच ग्रामसेवक, आत चहा पीत होते. वाशीमहून येऊन-जाऊन करणारा माणूस, कोणत्याही गोष्टीला आधी नाही म्हणायची सवय.

“पासवर्ड तालुक्याला आहे,” ते म्हणाले. “पत्र लिहावं लागेल. आठ-पंधरा दिवस लागतील. आणि अर्ज तर तुम्हीच दिला ना बाई? खोटं तर नाही छापलं आम्ही काही.”

“खरंच हाय. म्हणून त झाकाचं हाय.”

“आता एका बाईसाठी सरकारी यादी काढायची का आम्ही?”

वर्षाराणी रात्रभर चव्वेचाळीस पानं वाचत बसली होती. झोप तशीही येणार नव्हती. तिनं मोबाईल त्यांच्या बशीजवळ ठेवला.

“अठरा नंबर पाहा सायेब. नवव्या कागदाची पाठ.”

साहेबांनी पाहिलं. त्यांचा स्वतःचाच रजेचा अर्ज होता, गेल्या वर्षीचा, मूळव्याधीच्या ऑपरेशनसाठी एकवीस दिवस. दवाखान्याचं नाव, तक्रारीचं स्वरूप, केव्हापासून त्रास, सगळं सविस्तर. तोही टाईप केलेला.

“तुमचंबी खरंच असन,” ती म्हणाली.

दाराशी निकितानं तोंडावर ओढणी घेतली. साहेबांनी चहा तसाच ठेवला. पासवर्ड टेबलाच्या खणात, जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेला निघाला.

मग निकितानं नीट काम केलं. मागच्या बाजूंची पानं वगळून बावीस पानांची नवीन फाईल बनवली आणि जुन्या फाईलवरच, त्याच नावानं चढवली. आता कोणी कुठूनही आलं तरी नुसती यादी दिसत होती. वर्षाराणीनं तिथंच उभं राहून नाव टाकलं. बोट ठेवल्यावर स्वच्छ यादी उघडली. पण बोट ठेवायच्या आधी, गूगलच्या पानावर, त्या दोन ओळी होत्याच. ‘…माझे पती हे चार वर्षांपासून…’

“हे काहून?”

“हे त्याईनं आधी वाचून ठेवेल हाय. नवीन वाचलं की जाईन. मी अर्ज भरतो, पान बदललं म्हणून.” निकितानं भरला. “एक-दोन दिवस लागते.”

“उद्या शनिवार हाय.”

“मंग मी काय करू? शनिवार काढून टाकू?”

मग निकिताची नजर खाली गेली. “काकू, माह्या हातानं झालं हे,” ती म्हणाली. “पण बोलून दाखवू नका. मले आधीच रडू येऊन राह्यलं, अन् अजून दहा दाखले काढाचे हायत.”

शनिवारी दहाच्या सुमाराला मारोतराव आले. हरीओमचे चुलते, रिटायर मास्तर. घराण्यातलं कोणतंही भांडण त्यांनी चष्मा पुसल्याशिवाय सुरू होत नसे. तुळसाबाईला खाटेवर बसवलं. वर्षाराणी डोक्यावर पदर घेऊन दाराच्या चौकटीला उभी राहिली.

“काका, मी काही म्हणत नाई,” उकंडराव म्हणाला. “वयनीनं सरकारले काय लिवून देलं ते फक्त वाचतो. माय, ऐक तू. तुया पोराले गावात कसं इकलं ते ऐक.”

त्यानं फाईल उघडली. बोटानं पानं सरकवली. बावीस आली आणि यादी संपली. त्यानं पुन्हा सुरुवातीपासून सरकवली.

“बत्तीस कुठं गेलं?”

“डाउनलोड नाई केलं का तुमी?” रूपा दातओठ खात कुजबुजली.

“मेमरी फुल्ल होती ना. तुया भाच्याच्या लग्नाचे व्हिडिओ हायत त्याच्यात.”

“माह्या भाच्याचे कायले काढता आता?”

“उकंड्या, कामाचं असन त दाखव,” मारोतराव म्हणाले. “नाई त मी जातो, सोयाबीनले फवारा हाय आज.”

उकंडरावनं घाईनं वहिनीचं नाव टाकलं आणि त्याचा चेहरा उजळला. “हे पाहा. हे हाय.”

मारोतरावांनी चष्मा पुसला. मोबाईल लांब धरून मास्तरी आवाजात वाचलं, “अर्जदार वर्षाराणी हरीओम, सविनय अर्ज करते की माझे पती हे चार वर्षांपासून.” ते थांबले. “पुढं टिंबं हायत.”

“पुढं हाय ना, बाई ठेवली म्हणून लिवेल.”

“कुठं हाय? टिंबं हायत म्हणतो ना मी.” त्यांनी मोबाईल परत दिला. मग पदराआडच्या सुनेकडे पाहून म्हणाले, “चार वर्षांपासून सुरतले कामाले हायत, असंच असन. हो ना बाई?”

वाक्य तिच्या हातात आणून दिलं होतं. नुसती मान हलवायची होती. उकंडरावकडे आता काही नव्हतं, आणि उद्यापर्यंत ती टिंबंही जाणार होती.

“मास्तर, तुमी थांबा,” तुळसाबाई म्हणाली. “तू सांग वं. चार वर्षांपासून काय?”

वर्षाराणीनं उकंडरावकडे पाहिलं. तो मोबाईल पुसत होता, पुढच्या वेळेसाठी. दोन दिवस ती पळाली होती ती सासूनं हे ह्याच्या तोंडून ऐकू नये म्हणून. खोटं बोलली तर जन्मभर ह्याच्या मोबाईलला भ्यावं लागणार होतं.

“चार वर्षांपासून मले सोडून देलं त्याईनं,” ती म्हणाली. “आता सहा झाले. दुसरी बाई हाय तिथं. फोन उचलत नाईत.”

रूपानंसुद्धा खाली पाहिलं. उकंडराव, ज्याला हेच ऐकवायचं होतं, तो ऐकून गोंधळल्यासारखा झाला.

“मले नाई सांगतलं,” तुळसाबाई म्हणाली. “कागदाले सांगतलं. पंचायतीतल्या भाड्याच्या माणसाले सांगतलं. अन् मी इथं खाटेवर बसून होतो, मले नाई.”

“आत्याबाई…”

“चूप बैस. मंग दर आइतवारी माह्या गुडघ्याचं कोण पुसे?”

“मीच,” वर्षाराणी म्हणाली.

म्हातारीनं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की चौकटीचं लाकूडही सरकलं असतं.

“पुसत होती त तेल काहून नाई लावलं एक दिवस? खोटं बोलाले येळ होता.” मग ती उकंडरावकडे वळली. “खोली मांगतो. भाऊ पळून गेला हे ऐकून तुले दुकान सुचते. मी मरन तवा पाय. तोवर मशीन जिथं हाय तिथं राह्यते. मास्तर, जा तुमी, फवारा मारा.”

वर्षाराणीशी ती त्या दिवशी पुन्हा बोलली नाही. ताट पुढे ठेवलं तर तोंड फिरवून जेवली, आणि भाजीला मीठ नाही असं भिंतीला सांगितलं.

रविवारी सकाळी निकिताचा मेसेज आला, ‘गेलं.’ वर्षाराणीनं नाव टाकून पाहिलं. कुठंच काही नव्हतं. ह्या नावाची बाई जगात नव्हतीच म्हणा ना. तिनं मोबाईल ठेवला.

दुपारी, नेहमीच्या वेळेला, ती तेलाची वाटी गरम करून खाटेशी गेली आणि खाली बसली. सहा वर्षांत पहिल्यांदाच रविवारी तिच्याजवळ सांगायला काही नव्हतं.

“आज नाई आला वाटते फोन,” तुळसाबाई छताकडे पाहत म्हणाली. टोचायचं म्हणूनच म्हणाली.

“नाई.”

म्हातारीनं लुगडं वर सारून पाय पुढे केला.

“डावा जास्त दुखते,” ती म्हणाली.