बहिणीच्या दाव्याचं घर

"भिंती ठोकून घर कळतं होय?" गवंडीण कडाडली. "मग लग्नाआधी माझं डोकं का नाही ठोकून बघितलं?"

"तेव्हा तुझा बाप शेजारी बसला होता," म्हणत गवंड्यानं पुन्हा भिंतीला कान लावला.

बँकेनं लिलावाआधी घर बघायला उघडलं होतं. पठ्ठ्यानं पायाची मातीसुद्धा चाखून बघितली. गावभर लोकांची घरं बांधली, आणि स्वतः राहायचा भाड्याच्या पत्र्याखाली. पावसाआधी तोही रिकामा करा, म्हणून मालक मागं लागलेला.

"एक नंबर घर!"

"आणि कागद?"

"बँक विकतेय म्हटल्यावर कागदाला काय धाड भरलीय?"

गवंडीण दुसऱ्या दिवसापासून रोज कुठंतरी जायला लागली. कुठं जातेस विचारलं, तर म्हणे, "दळणाला."

लिलावाच्या दिवशी ऊन असं, की कुत्रीसुद्धा सावलीवर बोली लावत होती. घरावर डोळा ठेवून गावचा गिरणीवाला पुढं बसून मिशीला पीळ देत होता. बोली सुरू होणार, तोच गवंडीण उठली.

"साहेब, घर कर्जदाराच्या मेलेल्या बापाचं. त्या पळून गेलेल्या पोरानं एकट्यानं गहाण टाकलं. त्याच्या बहिणीनं निम्म्या हिश्श्याचा दावा लावलाय. तो निस्तरायचा कुणी?"

बँकेच्या साहेबानं मान पुसली. "आहे त्या स्थितीत विकतोय. पुढचं घेणाऱ्यानं बघायचं."

"आणि पतपेढीचा बोजा?"

"तोही."

"घरावर कोर्ट फुकट?" गिरणीवाला उठलाच. "तुमचं तुम्हाला लखलाभ!" बाकीचेही चपला शोधायला लागले. गवंड्यानंही हात खिशात घातला. बायकोनं कचकन चिमटा काढला.

"उचला हात!"

"अगं, दावा..."

दुसरा चिमटा. हात वर गेला तो कळ लागून. साहेबानं मूळ बोलीवरच घर दिलं.

"बुडवलंस!" वाटेत गवंडी करवादला.

"बहिणीला कोर्ट नकोय, छप्पर हवंय. मागची खोली मरेपर्यंत तिची, दावा मागं. वकिलासमोर लिहून घेतलंय. बोली चढली नाही, त्या वाचलेल्या पैशात पतपेढीचंही कर्ज भागतंय."

"हे साहेबाला का नाही सांगितलंस?"

"विचारलं का त्यांनी?"

कामावरून तसाच सामान घेऊन गवंडी ऐटीत घरात शिरला. मागच्या खोलीतून बहीण बाहेर आली. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"चिखलाचे पाय घेऊन कुठं निघालास? आधी धुऊन ये."

गवंड्यानं बायकोकडं बघितलं. ती पदरात तोंड घालून हसत होती.

मुकाट्यानं गेला बिचारा. हक्काच्या घरातला पहिलाच हुकूम, मोडायचा कसा?