पाहुण्यांसाठी कचरा

संस्थेचं नाव इतकं लांब होतं की पाटीवर ते तीन ओळींत लिहावं लागलं. अड्याळच्या लोकांनी तेवढी तसदी घेतली नाही. त्यांनी तिला सरळ खराटा ऑफिस म्हणायला सुरुवात केली. ऑफिस म्हणजे भाड्याची एक खोली, एक कॅरम, पोलीस भरतीच्या पुस्तकांचं कपाट आणि कोपऱ्यात उभे केलेले बारा खराटे. वस्तीतल्या तरुण पोरापोरींनी इथं यावं, अभ्यास करावा, खेळावं आणि आठवड्यातून एकदा वस्ती झाडावी, अशी योजना होती. पोरं यायची, खेळायची, अभ्यासही करायची. खराट्यांच्या वाटेला मात्र कुणी जायचं नाही.

रत्नमाला मेश्राम तिथली समन्वयक. भंडाऱ्याहून रोज एसटीने यायची. तिच्या हाताखाली एकटा विनोद, त्यामुळे झाडण्यापासून टायपिंगपर्यंत जे पडेल ते त्याच्याच अंगावर पडायचं. आठ महिने दोघांनी वस्तीचे उंबरे झिजवले. समाजमंदिराच्या मागे एक जुना उकिरडा होता, आणि तो हलवणं हे संस्थेचं अड्याळमधलं पहिलं काम होतं.

उकिरड्याला लागूनच सुंदरबाईचं घर. पासष्टीची एकटी बाई. कचरा सगळी वस्तीच टाकायची, पण सुंदरबाई खिडकीतूनच टाकायची, म्हणून नाव तिचं व्हायचं. संस्थेने घरोघर दोन डबे वाटले, ओल्याचा हिरवा आणि सुक्याचा निळा. लोकांनी त्यांत तांदूळ भरले, पाणी भरलं, एका घरी तर निळ्या डब्यात कोंबडी अंड्यांवर बसली. सुंदरबाईनेही चार महिने डबे उलटे घालून ठेवले आणि रत्नमाला दिसली की तोंडसुख घेतलं. मग काय झालं कुणास ठाऊक, एक दिवस तिने डबे सुलटे केले. तेव्हापासून ती इतकी काटेकोर झाली की शेंगदाण्याची फोलपटं ओंजळीत घेऊन ऑफिसात यायची आणि विचारायची, "म्याडम, हे ओल्यात जाते का सुक्यात?"

दिवाळी उलटली, धानाची कापणी सुरू झाली. एका सोमवारी रत्नमाला स्टँडवरून चालत आली आणि समाजमंदिरामागे थबकलीच. उकिरडा नव्हता. जमीन झाडलेली होती, आणि भिंतीला लागून कचऱ्याने भरलेल्या बावीस चुंगड्या, म्हणजे पोती, तोंडं बांधून ओळीने ठेवल्या होत्या. शनिवारी ट्रॅक्टर येईल तेव्हा न्यायला तयार.

"काल केलं आम्ही," गुंजन म्हणाली. एकोणीस वर्षांची ही पोरगी पवनीला कॉलेजात जायची आणि दहा जणांच्या त्या टोळीची न निवडलेली पुढारी होती. "सुट्टी होती, बसल्या बसल्या काय करावं म्हनलं."

कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. रत्नमालाला चक्क रडू आलं. ते पोरांना दिसू नये म्हणून ती आत गेली आणि पहिला फोन भंडाऱ्याला भुपेंद्र सरांना लावला. सर संस्थेचे प्रकल्प प्रमुख होते.

सर ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "आणि गुरुवारी पाहुणे येताहेत त्याचं काय?"

पाहुणे म्हणजे संस्थेला मदत करणाऱ्या कंपनीची माणसं. ती नागपूरहून दोन गाड्या करून येणार, टोप्या-हातमोजे घालणार, पोरांच्या सोबतीने उकिरडा उचलणार, असा कार्यक्रम महिन्याभरापूर्वी ठरला होता. त्यांना काम आवडलं तर अड्याळची खोली मार्चनंतर चालू राहणार होती. नाही आवडलं तर कॅरम, कपाट आणि खराटे टेम्पोत घालून भंडाऱ्याला परत.

"इथं उकिरडा होता असं सांगू ना सर."

"सांगून काय होतं? रिकामी जागा दाखवायची का त्यांना?" मग सरांनीच विचारलं, "चुंगड्या तिथंच आहेत ना अजून?"

पाहुण्यांना स्वच्छता नको होती, साफसफाई हवी होती. रत्नमालाने दोन दिवस स्वतःची समजूत घातली. खोली राहिली तर पोरांचीच राहणार. नऊ-दहा चुंगड्यांचा तर प्रश्न, गुरुवारी दुपारपर्यंत पुन्हा भरल्याही जातील. अशा वेळी मनाला जे जे पटवता येतं ते सगळं तिने पटवलं आणि बुधवारी दुपारी दोन वाजता ती विनोदला घेऊन समाजमंदिरामागे गेली. वस्ती कापणीला गेली होती, पोरं कॉलेजात, सुंदरबाई सरवा वेचायला. कापणी झालेल्या धानाच्या बांधीत पडलेल्या लोंब्या वेचून तिचे चार दिवस निघायचे.

"किती टाकू म्याडम?" विनोदने विचारलं.

"पाहुण्यांना पुरेल इतका."

विनोद कामाचा नीटस माणूस. त्याने चुंगड्या एका रांगेत, सारख्या अंतरावर रिकाम्या केल्या. ते बघून रत्नमालाच म्हणाली, "असं नको रे, लावल्यासारखं दिसते. जरा विस्कट." मग दोघांनी पायाने कचरा विस्कटला. आठ महिने जे करू नका म्हणून घरोघर सांगितलं तेच त्यांनी मन लावून अर्धा तास केलं. जमलंही छान.

पाचच्या एसटीने पोरं उतरली. रत्नमाला ऑफिसात उद्याच्या टोप्या मोजत होती तेवढ्यात ओरडा कानावर आला. ती धावत गेली, मागून विनोद.

सगळी टोळी सुंदरबाईच्या दारात उभी होती. सुंदरबाई नुकतीच आली होती, लोंब्यांचं गाठोडं अजून डोक्यावरच होतं.

"आजी, तीन दिवस बी नाही झाले," गुंजनचा आवाज फाटला होता. "काहून टाकला तू?"

"बुढी सुधरनार नाही, मी म्हनलंच होतं," कमलेश म्हणाला. टोळीत तोंडाने सगळ्यात फाटका तोच.

सुंदरबाई भांडणात कुणाला हार जाणारी नव्हती. पण त्या दिवशी ती भांडली नाही. तिने गाठोडं ओट्यावर ठेवलं, आत गेली आणि दोन्ही डबे उचलून आणले. झाकणं काढली. हिरव्यात भाजीची देठं आणि चहाचा चोथा. निळ्यात बिस्किटांचा कागद आणि धुऊन घडी केलेली दुधाची पिशवी.

"हा माह्या घरचा कचरा. पाहून घ्या."

पोरं डब्यांत डोकावली. "मंग हा कोनाचा?" गुंजनने विचारलं.

"मले काय मालूम. माह्या दारापाशी हाये त मीच उचलतो," असं म्हणून सुंदरबाई वाकली आणि हाताने कचरा गोळा करायला लागली.

रत्नमाला गप्प राहिली असती तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पोरं बडबडत पांगली असती, आळ सुंदरबाईवर राहिला असता. तो तसाही वीस वर्षं तिच्यावरच होता. विनोद रत्नमालाकडे बघत होता.

"मी टाकला," रत्नमाला म्हणाली.

कुणाचा विश्वास बसला नाही. "ताई, तुम्ही आजीले वाचवू नका," गुंजन म्हणाली.

म्हणजे पुन्हा, सविस्तर सांगणं आलं. "आज दुपारी दोन वाजता. मी आणि विनोदनं. नऊ चुंगड्या. उद्या पाहुणे येणार, त्यांना उचलायला काहीतरी पाहिजे होतं."

गुंजनने भिंतीकडे पाहिलं. चुंगड्या मोजल्या. तेरा होत्या.

"आमाले पाच घंटे लागले होते," ती एवढंच म्हणाली आणि निघाली. तिच्यामागे बाकीचे नऊ. जाताना कमलेश ओट्यापाशी थांबला, त्याने सुंदरबाईच्या डब्यांची झाकणं परत लावली, आणि गेला.

रत्नमाला आणि विनोद खाली बसून चुंगड्या भरू लागले. रत्नमालाला इतकी लाज वाटत होती की मान वर करवत नव्हती. हाताला लागेल ते ती कोंबत होती. सुंदरबाईने तिचा हात धरला.

"असं नाही. ओला येगळा, सुका येगळा. तुमीच त शिकवलं."

ती समोरच बसली आणि निवडून द्यायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "मले सांगतलं असतं त मीच टाकून देला असता, म्याडम. मले त सवय होती. तुमाले कायले त्रास?"

यात टोमणा शोधला तरी सापडला नसता. बाई खरंच मदतीच्या भावनेने बोलत होती. दिवेलागणीच्या आत बावीस चुंगड्या पुन्हा भिंतीला लागल्या.

गुरुवारी पाहुणे आले. रिकामी जागा बघून भुपेंद्र सरांनी रत्नमालाकडे असं पाहिलं की दुसरी असती तर तिथंच राजीनामा देती. पाहुण्यांचं मात्र काहीच अडलं नाही. त्यांनी टोप्या घातल्या, बारापैकी सहा खराटे घेतले, झाडलेलीच जमीन दहा मिनिटं पुन्हा झाडली आणि फोटो काढले. जागा फार स्वच्छ ठेवली आहे म्हणाले, चहा घेतला आणि गेले. फोटो चांगले आले. मार्चचं मार्चमध्ये कळेल, असं सर गाडीत बसताना म्हणाले.

पोरं आली नव्हती. शुक्रवारी खोलीत कुणी फिरकलं नाही, शनिवारीही नाही. शनिवारी ट्रॅक्टर येऊन चुंगड्या घेऊन गेला. रत्नमाला कॅरमवरची पावडर पुसत बसली.

रविवार तिचा सुट्टीचा. तरी ती पहिल्या एसटीने आली. का आली हे घरी सांगता आलं नाही, कारण तिलाच नीट सांगता येत नव्हतं. समाजमंदिरामागून खराट्यांचा आवाज येत होता. गुंजन होती, कमलेश होता, आणखी तिघं. बाकीची पाच नव्हती. हातातले खराटे ऑफिसचे नव्हते, घरचे होते.

रत्नमाला जवळ जाऊन उभी राहिली. कुणी थांबलं नाही, कुणी हाकललंही नाही. शेवटी तिनेच हात पुढे केला. "गुंजन, मला दे ना एखादा."

गुंजनने खराटा दिला नाही. तिने ओट्याकडे पाहिलं. तिथे सुंदरबाई बशीतला चहा फुंकत बसली होती.

सुंदरबाईने एक घोट घेतला, रत्नमालाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"देऊन दे तिले," ती म्हणाली. "पन ध्यान ठेवजो."