पाट्यांच्या रस्त्यावरून

मी बोलतेय, किहीमच्या एका वाडीत नारळाच्या सावलीत उभी असलेली पांढरी गाडी. पहाटे काचेवर खारं दव साचतं, तेव्हा झाडं, विहीर, माणसं सगळं मला झोपेत पाहिल्यासारखं दिसतं.

माझं तरुणपण न्हावा शेवा बंदराच्या धुळीत, ट्रेलरांच्या मागे रांगा लावण्यात सरलं. मग निवेदिताबाईंनी मला घेतलं. त्या शाळेत शिकवतात. त्यांचे यजमान महादेवराव यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. त्यांना पेणच्या डॉक्टरांकडे न्यायचं म्हणून बाई पन्नाशीत गाडी शिकल्या, त्याही माझ्यावरच. कुंपण, पपईचं झाड, शेजाऱ्यांचं फाटक, सगळ्यांना आम्ही दोघी भेटून आलो.

घरात महादेवराव भिंतीकडे बघत बसत. माझ्यात बसले की मात्र बाहेरच्या पाट्या वाचू पाहत. आधी नुसते ओठ हलायचे. मग एका दुपारी शेजारच्या गावाच्या पाटीपाशी आवाज फुटला, "चों... ढी." बाईंनी भर रस्त्यात ब्रेकच दाबला.

तेव्हापासून आम्ही उगीचच फिरायला लागलो. "ताजी... मासळी." "घरगुती... जेवण." मी पाण्यावरून तरंगत चालल्यासारखी हळू जायची आणि एकेक शब्द त्यांच्याकडे परतायचा. पण पाटी मागे गेली की ते पुन्हा गप्प. स्वतःच्या मनातलं असं काही येत नसे.

अशातच कार्लेखिंडीच्या चढावर माझं इंजिन उकळलं. वाफेचे लोट निघाले. मला ओढून काळूराम मेकॅनिककडे नेलं.

"हेड गॅस्केट गेलंय, बाई," तो म्हणाला. "खोलून करतो. पण चढाला, लांबच्या रस्त्याला हिचा भरवसा न्हाय."

बाईंची मुलगी अनुया मुंबईत नोकरी करते. फोनवर ती चिडलीच. "आई, भंगारात दे ती. बाबांना घेऊन रस्त्यात अडकलीस तर?"

"परवा भाड्याच्या गाडीनं पेणला गेलो. जाताना-येताना एक शब्द नाही गं त्यांच्या तोंडून."

"म्हणून त्यांचा जीव धोक्यात घालणार?"

बाईंनी फोन बंद केला. माझ्या बॉनेटवर हात ठेवला. मग काळूरामला म्हणाल्या, "दुरुस्त कर. पेणला भाड्याची गाडी करू. ही फक्त जवळपास, सपाटीला."

इंजिन उतरवलेलं असताना मी अगदी हलकी झाले होते. वाटायचं, वारा आला तर उडून जाईन.

परवा संध्याकाळी आम्ही अनुयाला आणायला मांडव्याला गेलो. मुंबईची बोट उशिरा लागली. जेट्टीवरून ती धावतच आली आणि खिडकीशी वाकली. महादेवरावांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"उशीर... केलास. भूक लागली असेल."

समोर पाटी नव्हती. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. अनुया माझं दार धरून तशीच उभी राहिली. बाईंनी चावी फिरवली, पण गिअर टाकायचं त्यांना सुचेना.

मी आता किती दिवसांची, कोण जाणे. एवढंच मागणं आहे. सकाळी रेडिएटरमधलं पाणी बघत जा आणि मला हळू चालवा. शेजारच्या सीटवरचा माणूस बोलतोय.