साडेसहा सरांचं पत्र

परदेशी शिकायला निघाले तेव्हा मला सगळ्यांनी सगळं सांगितलं. गरम कपडे कुठले घ्यायचे, कागदांच्या किती प्रती काढायच्या, बॅगेला कुठल्या रंगाची दोरी बांधायची. पदवी हातात पडल्यावर नोकरी नाही मिळाली तर काय करायचं, हे मात्र एकानेही सांगितलं नाही. कुणाला माहीत असेल तर ना!

नियम साधा होता. शिक्षण संपल्यावर एक वर्ष राहायचा परवाना. तेवढ्यात आपल्याच विषयातली नोकरी मिळाली तर पुढे, नाहीतर गाशा गुंडाळा. माझा विषय पाणीपुरवठा. शहरात पाइप कुठून न्यायचे, दाब किती ठेवायचा, कुठे फुटलं तर कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा. अकरा महिन्यांत एकशे चौऱ्याहत्तर अर्ज केले. आणि पोटासाठी काय केलं? हॉटेलच्या तळघरात चादरींच्या घड्या. इंजिनिअर आहे म्हणून माझ्या घड्यांचे कोपरे तेवढे बरोबर नव्वद अंशांत यायचे.

"त्या चादरीला तरी कळू दे, कुणी घडी घातली ते," नर्सताई म्हणायची. ती माझ्याच खोलीत राहायची, पलीकडच्या पलंगावर. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, इथे नोकरीत पक्की झालेली, आणि बोलायला लागली की औषधाची कडू गोळी.

परवान्याचे सव्वीस दिवस उरले असताना मुलाखतीचं बोलावणं आलं. पाइपलाइनचे आराखडे करणारं ऑफिस. मुख्य इंजिनिअर चष्मा कपाळावर चढवून बसलेला. त्याने माझ्यापुढे एका वस्तीचा नकाशा पसरला आणि म्हणाला, काय वाटतं ते सांगा. मी पाच मिनिटं बघत बसले. मग पेन्सिलने एका व्हॉल्व्हवर गोल केला. "हा इथे ठेवलात तर या गल्लीतला पाइप फुटल्यावर दवाखान्याचंही पाणी बंद करावं लागेल. हा फाट्याच्या पलीकडे घ्या." त्याने चष्मा खाली ओढला, नकाशा फिरवला आणि बाहेरच्या दोघांना हाक मारली. ते तिघं माझ्या गोलाकडे बघत उभे राहिले. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच मला कुणीतरी माझं काम विचारलं होतं.

निघताना त्याने सांगितलं, दोघंच उरलेत, तुम्ही आणि आणखी एकजण. आता शिकवणाऱ्यांची पत्रं आली की ठरवू.

मी नाव दिलं होतं साडेसहा सरांचं.

मायदेशातल्या आमच्या कॉलेजातले सर. दहापैकी साडेसहाच्या वर गुण द्यायचे नाहीत, म्हणून हे नाव. चार वर्षांत त्यांनी एकदाच, एकाच पोरीला सात दिले. ती मी. त्या दिवशी वर्गाने मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं.

"अगं, इथल्या कुणाचं तरी नाव द्यायचंस," नर्सताई म्हणाली.

"इथल्या प्रत्येकाने मला चार-चार महिने शिकवलं. सरांनी चार वर्षं. सर मला ओळखतात."

आठवड्याने सरांचा फोन आला. "पाठवलं गं पत्र. तीन दिवस बसलो होतो. शब्दकोश काढून एकेक शब्द त्यांच्या भाषेत तपासून घेतला."

"काय लिहिलंत, सर?"

"ते विचारायचं नसतं." मग त्यांनाच राहवलं नाही. "पण काळजी करू नकोस. भरभरून लिहिलंय."

साडेसहा सर आणि भरभरून! आम्ही दोघी पलंगावर पडून हसलो. माझा जीव भांड्यात पडला.

नऊ दिवस उरले तेव्हा, मंगळवारी, त्या मुख्य इंजिनिअरचा फोन आला. मी चादरी टाकून जिन्याखाली धावले.

"तुमचं काम त्याच्यापेक्षा सरस होतं," तो म्हणाला. "मला तुम्हीच हव्या होतात. पण तुमच्या सरांचं पत्र वरच्यांनी वाचलं. त्यापुढे माझं काही चाललं नाही."

"काय लिहिलंय त्यात?"

त्याने वाचून दाखवलं. काम वाईट नाही. सांगितलेलं समजतं. हिशोबात फारशा चुका आढळल्या नाहीत. वर्तन बरं आहे. चार वर्षांत हिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. कारण मला त्यातला शब्दन्‌शब्द कळत होता. 'माझी काही तक्रार नाही' हे सरांनी आजवर स्वतःच्या बायकोबद्दलही म्हटलं नसेल! मी त्याला सांगायला लागले की आमच्याकडे याहून मोठं कौतुक नसतं, आमच्या घरात वडीलसुद्धा पहिल्या आलेल्या पोराला 'बरंय' म्हणतात. माझं मलाच ते रडगाणं वाटायला लागलं. त्याने ऐकून घेतलं. भला माणूस होता. दुसऱ्याच्या पत्रात म्हणे लिहिलं होतं की असा विद्यार्थी दहा वर्षांत एखादाच मिळतो. त्याला कालच कळवलंय, म्हणाला.

कप्पाळ माझं! हातातोंडाशी आलेला घास, आणि तो काढून घेतला कुणी, तर जगात ज्या एका माणसाला माझी किंमत माहीत होती त्याने.

नर्सताईला सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि माझे ओले बूट काढून हीटरजवळ ठेवले. शनिवारचं तिकीट तिनेच काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सरांना फोन लावला. भांडायलाच. तळपायाची आग मस्तकात गेली होती, वाक्यं तयार होती. एका शब्दाचा एवढा कंजूषपणा कशाला, सर? तुमच्या काय खिशातून जात होतं?

"लागली ना?" मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले. "रुजू कधी व्हायचंय?"

"नाही सर. दुसऱ्याला घेतलं."

"पत्र पोचलं होतं ना?"

"पोचलं होतं."

"मग?"

"त्यांना तो जास्त पटला," मी म्हटलं.

"मग त्यांना काही कळत नाही," सर चिडून म्हणाले. "सरळ घरी ये. बरं, ऐक. यंदा पास झालेली एक मुलगी आहे. तुझ्याइतकी नाही, पण कष्टाळू आहे. तिलाही तिकडे अर्ज करायचाय, पत्र मागतेय. तुझंच पत्र पुढ्यात घेऊन बसलोय. त्यातलं कौतुक थोडं कमी करून लिहितो."

देवा! त्याहून कमी?

"तसं लिहू नका, सर," मी म्हटलं. आणि मग मला सांगावंच लागलं. फोनवर ऐकलेलं सगळं, जसंच्या तसं. पलीकडे त्यांनी कागद चुरगाळलेला ऐकू आला.

"सांग," ते म्हणाले. "काय लिहू?"

"लिहा. अत्यंत हुशार."

कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.

"असाधारण. अशी विद्यार्थिनी मिळाली हे माझं भाग्य."

"अगं, एवढं?"

"इथे कुणाबद्दलही एवढंच लिहितात, सर."

पेन थांबलं. मी खिडकीशी उभी होते, पलंगावर माझी बॅग उघडी पडली होती.

"हिला असाधारण लिहायचं," ते हळू म्हणाले. वर्गात कधी न ऐकलेला, फाटका आवाज. "मग तुझ्याबद्दल मी काय लिहायला हवं होतं गं?"

मला रडू फुटलं. फोन तोंडापासून लांब धरला, नाक पुसलं.

"पुढचं वाक्य घ्या, सर," मी म्हटलं.