इस्त्री गार झाली का?

आमचं लॉन्ड्रीचं दुकान खाली, घर वर आणि मधे अरुंद जिना. लेक सात वर्षांची, पण दुकान बंद झालंय की नाही हे बघायचं काम तिचं. आम्हीच ते तिच्या गळ्यात घातलं. एकदा तिचे बाबा इस्त्री चालू ठेवून जेवायला वर आले आणि गिऱ्हाइकाच्या शर्टाला भोक पडलं. धूर सगळ्यांत आधी तिने पाहिला. तेव्हापासून कौतुकाला ऊत आला. "आमची मुकादम," सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "हिच्या नजरेतून काही सुटायचं नाही." शटर ओढण्याआधी बाबा हाक मारायचे, "मुकादम, जरा नजर टाकून जा," आणि ती धावत सुटायची. आम्ही हसायचो.

मग ती न सांगताच जायला लागली. तोंडात घास तसाच ठेवून उठायची.

"आई, बंद आहे ना?"

"आहे गं राणी."

"नक्की?"

"नक्की."

तरी जिन्यावर पावलं वाजायचीच. वर आली की पुन्हा तोच प्रश्न. सकाळी शाळेची वेळ झाली की पोट दुखायचं. डबा जसाच्या तसा परत. बाईंचा निरोप आला, वर्गात सारखी दाराकडे बघत असते.

"लाडावलीय," सासूबाई म्हणाल्या. "लक्ष देऊ नकोस."

"जबाबदार पोर आहे," नवरा म्हणाला. "उगाच काळजी करायची सवय तुझी, तिची नाही."

एका दुपारी कपड्यांच्या घड्या बाजूला सारून तिची नखं कापायला बसले. मूठ उघडेना. गुदगुल्या केल्या तर हसलीही नाही. एकेक बोट सोडवत गेले. टोकांवर फोड होते. काही ताजे, काही वाळून सोललेले.

"हे काय गं?"

"बटण बंद दिसतं, पण आतून चालू असलं तर? हात लावला की कळतं, गार झाली का."

"आणि गरम लागली तर?"

"थांबते. मग परत लावते. गार होईपर्यंत."

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. रोजचं काम सांगावं तसं सांगत होती.

"दुखत नाही?"

"दुखतं. पण नाही लावला तर तुम्ही सगळे झोपेत जळाल."

मी तिच्या बाबांना हाक मारली. त्यांनी ती बोटं हातात घेतली आणि ते तिथेच स्टुलावर बसले. मी मनाच्या डॉक्टरांचा विषय काढला. सासूबाई चपापल्या. "मनाच्या डॉक्टरकडे न्यायची? लोक वेडी म्हणतील पोरीला."

"पाय मोडला असता तर नेलंच असतं ना, आई," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला आधी चित्र काढू दिलं, मग बोलतं केलं. आम्हाला म्हणाल्या, "ही खोड नाही आणि लाडही नाहीत. चिंतेचा आजार आहे. बरा होतो, वेळ लागतो. इस्त्री तिच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. आणि 'बंद आहे ना'ला 'हो' म्हणणं हळूहळू सोडा. त्या 'हो'वरच भीती पोसली जाते." मग तिच्याकडे वळल्या. "आजपासून तुझं काम बाबा करणार."

"त्यांना जमेल?" तिने विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या. ती हसली नाही.

त्या संध्याकाळी शटर खाली आलं, पण मुकादमाला हाक आली नाही. आम्ही दोघी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो. पट्टी बांधलेली तिची बोटं माझ्या हातात होती, थंडगार.

"आई, बंद आहे ना?"

'हो' अगदी जिभेच्या टोकावर होतं. "भीती वाटतेय तुला," मी म्हटलं. "मी इथेच आहे."

"ते नाही विचारलं मी."

खाली कुलूप वाजलं. बाबांची पावलं जिन्यावर यायला लागली. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं.

तिने मान वर केली. "जळका वास येतोय."

मलाही आला. खरंच आला की तिने म्हटलं म्हणून आला, मला सांगता येत नव्हतं. तिचे बाबाही वळून एक पायरी उतरले आणि थांबले.

ती उठायला लागली. मी हात सोडला नाही, ओढलाही नाही. "बस माझ्याजवळ," म्हटलं, "थोडं अजून."

ती उभीच राहिली. नजर जिन्याखाली होती, पण खाली गेली नाही.